कामठीचे के. एफ. रुस्तमजी : ज्यांच्या दोन लेखांमुळे हजारो कच्च्या कैद्यांसाठी तुरुंगाची दारं उघडली

8 जानेवारी 1979. सोमवारचा दिवस. 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये त्या दिवशी बिहारच्या तुरुंगांबद्दल एक लेख छापून आला. दुसऱ्या दिवशी त्याचा पुढचा भाग आला.

लेखात माहिती अशी होती की पाटणा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत शेकडो माणसं वर्षानुवर्षं पडून आहेत. त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही. कित्येकांचा खटला सुरूच झालेला नाही. काहींवरचा आरोप इतका किरकोळ की तो सिद्ध झाला असता तरी काही महिन्यांची किंवा एकदोन वर्षांची शिक्षा झाली असती. पण ते पाच, सात, नऊ वर्षं आत होते. आत काही बायकाही होत्या, ज्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता. कुणी गुन्ह्याची साक्षीदार होती, कुणी स्वतःच गुन्ह्याची बळी होती. संरक्षणाच्या नावाखाली त्यांनाही तुरुंगात ठेवलं होतं.

हे लिहिणारा माणूस पत्रकार नव्हता, वकील नव्हता आणि चळवळीतला कार्यकर्ताही नव्हता. तो चाळीस वर्षं पोलीस खात्यात काढलेला अधिकारी होता. त्याने नेहरूंची सुरक्षा सांभाळली होती, चंबळच्या डाकूंशी दोन हात केले होते आणि सीमा सुरक्षा दल म्हणजे बीएसएफ उभं केलं होतं.

त्यांचं नाव खुसरो फरामुर्झ रुस्तमजी. आणि ते आपल्या नागपूर जिल्ह्यातले, कामठीचे.

कामठी ते पोलीस खातं

रुस्तमजींचा जन्म 22 मे 1916 चा. कामठी ही इंग्रजांनी वसवलेली लष्करी छावणी. छावणीच्या आसऱ्याने तिथे पारशी कुटुंबं आली, तशीच ती नागपुरातही आली. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हापासून तर पारशी माणूस नागपूरकरांच्या ओळखीचाच झाला होता. रुस्तमजी त्याच समाजातले. शिक्षण नागपूर आणि मुंबईत झालं. त्यानंतर नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ते काही काळ डेमॉन्स्ट्रेटर होते. 1938 मध्ये इंडियन पोलीस या सेवेत त्यांची निवड झाली आणि त्यांना प्रांत मिळाला तो आपलाच, मध्यप्रांत आणि वऱ्हाड.

तेव्हाचा नकाशा डोळ्यासमोर आणायचा तर नरखेडचं उदाहरण घेता येतं. आज नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलं की काटोल जातं, नरखेड येतं आणि थोड्या वेळात गाडी पांढुर्ण्याला पोहोचते. नरखेड महाराष्ट्रात, पांढुर्णा मध्य प्रदेशात. पण 1938 मध्ये ही हद्द नव्हती. नरखेडची गावं काटोल तहसिलीत होती, पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्यात होतं आणि दोन्हीकडचा कारभार नागपूर या एकाच राजधानीतून चालायचा. पोलीस खातंही एकच.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नवा मध्य प्रदेश तयार झाला. रुस्तमजींच्या वाट्याला मध्य प्रदेश आला. त्यामुळे ज्या जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला, तो जिल्हा त्यांच्या पोलीस सेवेच्या हद्दीबाहेर गेला. पुढे ते मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख झाले, तेव्हा पांढुर्ण्याचं ठाणं त्यांच्या हाताखाली होतं, पण पलीकडचं नरखेड नव्हतं. महाराष्ट्रात त्यांचं नाव कमी ऐकू येण्यामागे हेही एक कारण असावं.

ते खातं नेमकं कसं होतं?

रुस्तमजींनी शेवटी जे केलं ते समजून घ्यायचं, तर ते ज्या खात्यात शिरले ते खातं आधी समजून घ्यावं लागतं.

भारतातली पोलीस यंत्रणा उभी राहिली ती 1861 च्या पोलीस कायद्यावर. 1857 चा उठाव नुकताच मोडून काढला होता. इंग्रजांना लोकांची सेवा करणारे पोलीस नको होते, लोकांवर वचक ठेवणारे पोलीस हवे होते. वर मूठभर अधिकारी, खाली शिपायांची मोठी फौज आणि शिपायाने डोकं न चालवता फक्त हुकूम पाळायचा, अशी ही रचना होती.

ही रचना बरी चाललेली नाही हे इंग्रजांच्याही लक्षात आलं होतं. 1902 मध्ये त्यांनी एक पोलीस आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर, म्हणजे मध्यप्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले अधिकारी. पोलीस खातं भ्रष्ट आहे, जुलमी आहे आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास नाही, असा निष्कर्ष या आयोगाने काढला. पण मूळ कायदा तसाच राहिला.

रुस्तमजी नोकरीत आल्यावर चारच वर्षांत 1942 चं आंदोलन पेटलं. 16 ऑगस्टला चिमूर आणि आष्टीला जे घडलं ते विदर्भात आजही सांगितलं जातं. वर्ध्याचं आष्टी नरखेड-काटोल पट्ट्यापासून फार लांब नाही. तिथे पोलीस ठाण्यासमोर गोळीबार झाला, आंदोलक मेले आणि चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मेले. मेलेले दोन्हीकडचे लोक याच मातीतले होते. लोकांचे आणि पोलिसांचे संबंध कुठवर बिघडू शकतात, याचं हे जवळचं उदाहरण होतं. आणि रुस्तमजी तेव्हा याच प्रांताच्या पोलीस सेवेत होते.

स्वातंत्र्य आलं. इंडियन पोलीसची जागा इंडियन पोलीस सर्व्हिस, म्हणजे आयपीएसने घेतली. कायदा मात्र 1861 चाच राहिला. 1948 च्या हैदराबाद कारवाईत रुस्तमजींनी भाग घेतला आणि त्यानंतर थेट दिल्लीहून बोलावणं आलं.

नेहरूंच्या सावलीत सहा वर्षं

1952 ते 1958 या काळात रुस्तमजी पंतप्रधान नेहरूंचे मुख्य सुरक्षा अधिकारी होते. काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. नेहरूंना सुरक्षेचं कडं आवडायचं नाही. ते सरळ गर्दीत घुसायचे. पोलीस लोकांना मागे ढकलताना दिसले की त्यांचा पारा चढायचा.

यातला धोका खरा होता. मार्च 1955 मध्ये खुद्द नागपुरातच एका रिक्षाचालकाने चाकू घेऊन नेहरूंच्या गाडीवर उडी मारली. नेहरू सुखरूप राहिले. पण त्यांनी त्या प्रसंगाचा बाऊ केला नाही की लोकांपासून लांब राहायला लागले नाहीत.

या सहा वर्षांत रुस्तमजींनी देश पाहिला. रोज डायरी लिहायची त्यांची सवय होती. त्या डायऱ्यांवरून पुढे आयपीएस अधिकारी पी. व्ही. राजगोपाल यांनी दोन पुस्तकं संपादित केली. त्यातलं एक पुस्तक याच काळाबद्दल आहे. लोकांना दूर न ढकलता काम करता येतं का, हा प्रश्न पोलीस म्हणून त्यांच्यासमोर तिथे रोज उभा राहत होता.

चंबळ : गब्बरसिंग आणि विनोबा

1958 मध्ये ते मध्य प्रदेशाचे इन्स्पेक्टर जनरल ऑफ पोलीस झाले. तेव्हा राज्याच्या पोलीस दलातलं हेच सर्वोच्च पद होतं. भिंड, मुरैना आणि ग्वाल्हेरच्या भागात डाकूंच्या टोळ्यांनी धुमाकूळ घातला होता. त्यातलाच एक गब्बरसिंग. 'शोले'मधल्या गब्बरचं नाव याच्यावरूनच आलं. पण खरा गब्बर सिनेमातल्यापेक्षा क्रूर होता. गावकऱ्यांची नाकं कापण्यासाठी तो कुप्रसिद्ध होता. नोव्हेंबर 1959 मध्ये पोलिसांनी त्याला चकमकीत मारलं.

एकेक करून मोठ्या टोळ्या मोडत गेल्या. पण 1960 मध्ये एक वेगळाच प्रसंग आला. विनोबा भावे चंबळच्या खोऱ्यात गेले आणि त्यांच्यापुढे सुमारे 20 डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली. देशभर कौतुक झालं. रुस्तमजींनी मात्र उघडपणे नाराजी व्यक्त केली. यातून डाकूंना प्रतिष्ठा मिळते आणि पोलिसांचं मनोधैर्य खचतं, असा त्यांचा आक्षेप होता.

विनोबांसारख्या माणसाच्या विरोधात बोलणं हे त्या काळी सोपं नव्हतं. रुस्तमजींवर टीका झाली. आज मागे वळून पाहताना कुणाला विनोबा बरोबर वाटतील, कुणाला रुस्तमजी. बारा वर्षांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांतून शेकडो डाकू शरण आले, तेव्हा विनोबांनी दाखवलेला रस्ता अगदीच चुकीचा नव्हता हेही दिसलं. पण हा प्रसंग लक्षात ठेवायचा तो एका कारणासाठी. पुढे कैद्यांच्या बाजूने लिहिणारे रुस्तमजी गुन्हेगारांबद्दल हळवे असलेले अधिकारी नव्हते. कायदा मोडणाऱ्याला कायद्यापुढे उभं करायलाच हवं, यावर ते ठाम होते.

बीएसएफ आणि कोस्ट गार्ड

1965 पर्यंत पाकिस्तानला लागून असलेल्या सीमेवर त्या त्या राज्यांचे सशस्त्र पोलीस पहारा द्यायचे. एका राज्याचा दुसऱ्याशी ताळमेळ नसायचा. एप्रिल 1965 मध्ये कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानने हल्ला केला आणि ही व्यवस्था पुरेशी नाही हे कळून चुकलं. 1 डिसेंबर 1965 ला सीमा सुरक्षा दल स्थापन झालं. पहिले प्रमुख म्हणून रुस्तमजींना आणलं गेलं.

25 बटालियनपासून सुरुवात झाली. निरनिराळ्या राज्यांतून आलेली, निरनिराळी भाषा बोलणारी, निरनिराळ्या शिस्तीची माणसं एका दलात बसवायची होती. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सहा वर्षांत हे दल इतकं तयार झालं की 1971 च्या बांगलादेश मुक्तीसंग्रामात मुक्तिवाहिनीला सुरुवातीची मदत करणाऱ्यांत बीएसएफ पुढे होतं. 1972 मध्ये रुस्तमजींना पद्मभूषण मिळालं. 1974 पर्यंत ते बीएसएफचे प्रमुख होते.

त्यानंतर समुद्रमार्गे होणाऱ्या तस्करीवर उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. याच रुस्तमजी समितीच्या शिफारशीतून भारतीय तटरक्षक दल म्हणजे कोस्ट गार्ड उभं राहिलं.

इथे त्यांची कारकीर्द संपली असती तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांचं सगळ्यात वेगळं काम निवृत्तीनंतर झालं.

राष्ट्रीय पोलीस आयोग

1975 ते 1977 ही आणीबाणीची वर्षं. विरोधकांना पकडण्यापासून ते सक्तीच्या नसबंदीपर्यंत पोलिसांचा गैरवापर झाल्याचं देशाने पाहिलं. 1977 मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. स्वतंत्र भारतात देशपातळीवर पोलीस यंत्रणेची मुळापासून तपासणी पहिल्यांदाच होणार होती. अध्यक्ष होते धर्मवीर. सदस्यांमध्ये रुस्तमजी होते आणि टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरेही होते.

या आयोगाने 1979 ते 1981 या काळात आठ अहवाल दिले. त्यातल्या काही गोष्टी आजही वाचण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट शिपायांची. पोलीस म्हटलं की लोकांना दिसतो तो शिपाई. पण खात्यात सगळ्यात कमी मान त्यालाच. राहायला घर नाही, ड्युटीचे तास ठरलेले नाहीत, वर चढायची संधी जवळपास नाही आणि साहेबांच्या घरची कामं करायची ती वेगळी. आयोगाने पहिल्या अहवालाची सुरुवातच शिपायांपासून केली. ऑर्डर्ली पद्धत बंद करा, घरं द्या, बढतीचा रस्ता मोकळा करा, असं सुचवलं. खात्यात ज्याला माणूस म्हणून वागवत नाहीत, तो ठाण्यात आलेल्या गरिबाला माणूस म्हणून वागवेल, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता.

दुसरी गोष्ट कोठडीतल्या अत्याचारांची. कोठडीत मृत्यू झाला, गंभीर दुखापत झाली किंवा स्त्रीवर बलात्काराचा आरोप झाला, तर न्यायालयीन चौकशी सक्तीची करा, असं आयोगाने सांगितलं. याचा संबंध विदर्भाशी लागतो. मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जाणारा खटला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातला होता. त्यात दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये निर्दोष सोडलं आणि देशभर संताप उसळला. त्यातून 1983 मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला.

तिसरी गोष्ट अटकेची. आयोगाच्या तिसऱ्या अहवालानुसार देशात होणाऱ्या अटकांपैकी जवळपास 60 टक्के अटका गरज नसताना किंवा योग्य कारणाशिवाय होत होत्या. तुरुंगांच्या खर्चापैकी 43.2 टक्के खर्च अशाच कैद्यांवर होत होता. पुढे 1994 मध्ये जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच अहवालाचा आधार घेतला. पोलिसांना अटकेचा अधिकार आहे म्हणून अटक करायची असं चालणार नाही, अटकेचं कारण सांगता आलं पाहिजे, असं न्यायालयाने बजावलं.

अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांच्या तपासावर लक्ष ठेवायला राज्य पातळीवर खास कक्ष असावा आणि महिला पोलिसांना दिखाव्यापुरतं न ठेवता तपासाच्या कामात घ्यावं, या शिफारशीही याच आयोगाच्या.

दोन लेख आणि एक याचिका

आयोगाच्या कामासाठी रुस्तमजी बिहारच्या तुरुंगांत गेले होते. तिथे त्यांनी जे पाहिलं, ते अहवालात घालून गप्प बसणं शक्य होतं. सरकारी अहवालांचं काय होतं हे चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते वर्तमानपत्रात लिहिलं.

हे लेख दिल्लीतल्या वकील पुष्पा कपिला हिंगोरानी आणि त्यांचे पती निर्मल हिंगोरानी यांनी वाचले. कपिला हिंगोरानींनी त्यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका दाखल केली. आता अडचण अशी होती की अशी याचिका कैदी स्वतः किंवा त्याचा नातेवाईक किंवा त्यांनी नेमलेला वकील करायचा. इथे तर वकिलांची आणि कैद्यांची साधी भेटही झालेली नव्हती. हातात होती फक्त वर्तमानपत्राची कात्रणं.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने ती याचिका ऐकली. याचिकेतल्या पहिल्या नावावरून हा खटला हुसैनआरा खातून विरुद्ध बिहार राज्य या नावाने ओळखला जातो. 12 फेब्रुवारी 1979 ला न्यायालयाने पहिला आदेश दिला. मग पुढच्या काही आठवड्यांत आणखी आदेश आले. ज्यांनी आरोपासाठी होऊ शकणाऱ्या शिक्षेपेक्षा जास्त काळ आत काढला आहे, त्यांना सोडा. आरोप नसलेल्या बायकांना तुरुंगात ठेवू नका. खटला लवकर चालणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याला वकील देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

या खटल्यातून आणि त्यानंतरच्या कारवाईतून सुमारे 40,000 कच्चे कैदी सुटल्याचं सांगितलं जातं. भारतातल्या जनहित याचिकांची सुरुवात याच खटल्यापासून मानतात. कपिला हिंगोरानींना तर जनहित याचिकेची जननी म्हणूनच ओळखलं जातं. भागलपूरमध्ये पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याचं प्रकरणही पुढे त्यांनीच न्यायालयात नेलं. आपल्याकडे पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांमधल्या महिला कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर 1983 मध्ये निकाल आला आणि महिलांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलीस असं बंधन आलं. रस्ता तोच होता.

जामीन गरिबाला का मिळत नाही?

बिहारमधली ती माणसं आत का अडकली होती? बहुतेकांचं कारण एकच. त्यांच्याकडे पैसे नव्हते.

समजा, नरखेडच्या संत्र्याच्या बागेत पलीकडच्या मध्य प्रदेशातून आलेला एखादा मजूर काम करतोय. किरकोळ चोरीच्या संशयावरून त्याला पकडलं. न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण जामीनदार आणायला सांगितलं. जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे दाखवायला सातबारा आहे, घरटॅक्सची पावती आहे किंवा पगाराची स्लिप आहे असा माणूस. बागायतदाराचा मुलगा त्याच गुन्ह्यात सापडला तर हे सगळं त्याच्याकडे संध्याकाळपर्यंत तयार असतं. मजुराच्या बायकोला मात्र कुणाच्या दारात जायचं हेही ठाऊक नसतं. कायदा दोघांना सारखाच आहे. पण एक जण घरी जातो आणि दुसरा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात.

हुसैनआरा खातून खटल्यात न्यायालयाने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. माणूस पळून जाणार नाही असं वाटत असेल तर त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय सोडता येतं, हे सांगितलं.

कायद्यात हे उतरायला बराच वेळ लागला. 2005 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 436-अ आलं. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद त्यात झाली. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार आणता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं समजून जातमुचलक्यावर सोडायचं, हेही तेव्हाच ठरलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत याच तरतुदी कलम 479 आणि 478 मध्ये आहेत. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी आता एक तृतीयांश काळ पुरेसा आहे आणि त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले असलेल्यांना मात्र हे लागू होत नाही.

अहवालांचं काय झालं?

1980 मध्ये सरकार बदललं. पोलीस आयोगाचा शेवटचा अहवाल 1981 मध्ये आला आणि सगळे अहवाल कपाटात गेले. पोलिसांना राजकीय दबावापासून वाचवणारं राज्य सुरक्षा मंडळ, अधिकाऱ्यांना ठरावीक कार्यकाळ, नवा पोलीस कायदा, यातलं काहीच झालं नाही.

1996 मध्ये प्रकाश सिंग यांनी या शिफारशी लागू करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. योगायोग असा की प्रकाश सिंग हे बीएसएफचेच माजी महासंचालक. रुस्तमजींनी उभ्या केलेल्या दलाच्या प्रमुखाने, रुस्तमजींच्या लेखांतून सुरू झालेल्या जनहित याचिकेच्या वाटेने, रुस्तमजी सदस्य असलेल्या आयोगाच्या शिफारशींसाठी न्यायालयाचं दार ठोठावलं. 22 सप्टेंबर 2006 ला निकाल आला आणि न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना सात निर्देश दिले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद त्यातूनच आली.

हा निकाल पाहायला रुस्तमजी नव्हते. 1991 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पोलीस अधिकाऱ्याच्या वाट्याला हा सन्मान क्वचितच येतो. मार्च 2003 मध्ये त्यांचं निधन झालं. बीएसएफ आजही त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी रुस्तमजी स्मृती व्याख्यान घेतं.

त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र संपलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे चारातले तीन जण असे, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे.

फरक एवढाच झाला की 1979 मध्ये अशा कैद्याच्या घरच्यांना मागायला हातात काही नव्हतं, आज आहे. ज्याला वकील परवडत नाही, तो तालुका किंवा जिल्हा विधी सेवेच्या कार्यालयात साधा अर्ज करून मोफत वकील मागू शकतो. कैद्याला हा अर्ज तुरुंगातूनही करता येतो. आपला माणूस किती दिवस आत आहे, त्याच्यावरच्या कलमाला कमाल शिक्षा किती आहे आणि त्याचा निम्मा किंवा एक तृतीयांश काळ झाला आहे का, एवढा हिशेब घरच्यांनी मांडला तरी त्याच्या सुटकेची मागणी करता येते. कामठीच्या एका पोलीस अधिकाऱ्याने बिहारच्या तुरुंगात जाऊन हाच हिशेब पहिल्यांदा देशासमोर मांडला होता.